मागचे बांबू पुढे

४ फेब्रुवारी

मामा,

अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण मी काळोखात बसलेय. सकाळचे साडेदहा वाजलेत, बाहेर लख्ख ऊन आहे आणि मी कपाटाएवढ्या खोलीत एका लाल दिव्याशेजारी. सूक्ष्मदर्शक घूं घूं करतोय. तो दर पाच सेकंदांनी एक फोटो काढतो, असा दीड तास. तोवर दार उघडायचं नाही आणि फोन तर आत आणायचाच नाही. मग करायचं काय? पत्र! आणि खरं सांगू, तुला फोन करण्यात अर्थच नाही. आई तो स्पीकरवर टाकते आणि मग आपण तिघं गप्पा मारतो, म्हणजे ती मारते.

तर ऐक. मी सहा वर्षं एकाच जंतूच्या मागे आहे. कागदावर त्याचं नाव लिस्टेरिया. फ्रिजमध्ये विसरलेल्या खाण्यातून तो पोटात जातो. मी त्याला पाहुणा म्हणते, कारण बेटा येताना हात हलवत येतो. आतड्याच्या पेशीत शिरतो आणि तिथलंच सामान वापरतो. पेशीत अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन असतं. त्याचे बारीक बारीक तुकडे एकाला एक जोडले की काठी होते आणि अशा काठ्यांवर पेशीचा आकार उभा राहतो. म्हणजे तुझ्या परांचीचे बांबूच की रे! हा पाहुणा त्याच काठ्यांची जुडी आपल्या पाठीमागे उभी करून घेतो. जुडीत नव्या काठ्या लागत जातात आणि हा पुढे ढकलला जातो. पाठीमागे लांबलचक शेपूट, आणि हा सुसाट!

पुढची गंमत तर ऐक. पळत पळत तो पेशीच्या भिंतीला धडकतो. भिंत फुटत नाही, ताणते, बोटासारखी शेजारच्या पेशीत घुसते आणि ती शेजारीण ते बोट चक्क गिळते. झालं, हा दुसऱ्या घरात! रस्त्यावर पाऊलच टाकायचं नाही. रक्तातले पहारेकरी बाहेर डोळ्यांत तेल घालून उभे आणि हा आतल्या आत घरोघर फिरतोय. माणसं मरतात रे याच्यामुळे, पोटुशी बाई असेल तर बाळही जातं. तरी मी त्याला पळताना पाहिलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. काहीतरी बिघडलंय माझ्यात.

आता रडगाणं. मला शेपटीसकट सलग फिल्म हवीय, या घरातून त्या घरात जातानाची. शेपूट भिंतीला नेमकं कधी आणि कसं रेटतं ते दिसलं तर तिथेच त्याला अडवायचं बघता येईल. पण माझा पाहुणा बारा मिनिटं पळतो आणि थांबतो. दरवेळी! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, काल शांतपणे सांगितलं, "दहा मार्चला सगळ्यांसमोर फिल्म दाखव. नसेल तर हा विषय बंद आणि तुझं टेबल दुसऱ्याला." त्या शांतपणे बोलल्या की समजायचं, ठरलंय.

दीड तास संपला. बघते हं काय आलंय ते.

थांबला. बाराव्या मिनिटाला.

तुझी भिंगरी

८ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा मी, एकदा मुकादमाने मोठ्यांदा. बत्तीस वर्षं माझ्याबरोबर बांबू बांधतोय, पण इतका खूश झालेला मी त्याला पाहिला नव्हता. म्हणतो, "साहेब, हा जंतू आपल्या धंद्यातला निघाला."

पण काय माणूस आहे गं तुझा पाहुणा! एक बांबू आणला नाही, एक दोर आणला नाही, यजमानाच्या अंगणातला माल, यजमानाचेच मजूर, आणि परांची उभी याची! मी चाळीस वर्षं परांच्या बांधतोय, असं कंत्राट मला एकदाही मिळालं नाही. तुझ्या बाईंना म्हणावं, सहा वर्षं ज्याच्या मागे घालवली त्याला एका तारखेवर सोडायचं नसतं. नाहीतर मीच येतो सांगायला.

इकडे आम्ही पाण्याची जुनी टाकी घेतलीय, शाळेमागची, गोल. बाहेरून खरवडून रंगवायची आहे. मी अर्थात खाली खुर्चीत बसून हुकूम सोडतो. गुडघ्याने दगा दिल्यापासून ताईला शब्दच दिलाय, स्टुलापेक्षा उंच चढणार नाही. तू काळजी करू नकोस. वारा मात्र झकास आहे आणि वरून शाळेचं मैदान रुमालाएवढं दिसतं. असं मुकादम सांगतो.

एक धंद्याचा प्रश्न. तुझ्या पाहुण्याला बांबू पुरतात कसे?

मामा

१२ फेब्रुवारी

मामा,

मुकादम सांगतो काय! बरं, बरं. पत्राच्या कागदावर चुन्याचे ठिपके पडलेत, तेही मुकादमानेच पाडले असतील.

मला आता हसू येतंय की रडू ते कळत नाहीये, म्हणून दोन्ही करतेय. काय झालं ते सांगते. काठ्या एरवी दिसत नाहीत. म्हणून एक रंग घालायचा. तो जाऊन काठ्यांना चिकटतो, मग त्यावर निळा झगझगीत उजेड टाकला की शेपूट चमकतं. इतकं सुंदर दिसतं मामा, की पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलवाल्याचा दंड चिमटला होता. तो अजून माझ्यापासून हातभर लांब बसतो.

आता गंमत अशी की रंग न घालता, साध्या उजेडात बघितलं तर पाहुणे दोन दोन तास पळतात. रंगाच्या वेळीच दमतात. म्हणजे तो निळा उजेड त्यांना भाजत असणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी उजेड निम्मा केला. तर शेपूट दिसेना. मग रंग दुप्पट केला. आणि आता माझे पाहुणे बाराव्या नाही, आठव्या मिनिटाला थांबतात! मी भराभर मागे चाललेय.

परवा तर कहर झाला. एकजण भिंतीला जाऊन टेकला. भिंत ताणली. बोट निघालं. मी खुर्चीवर उभी राहिले, खरंच उभी राहिले, "रेट, रेट, अरे रेट की मेल्या!" म्हणून ओरडले. तो तिथेच थांबला. बाहेरून मोठ्या बाईंनी दारावर टकटक केली आणि विचारलं, आत कोण आहे तुझ्याबरोबर?

बांबू पुरतात कसे ते माहीत नाही. पेशीत खूप असतात. प्रश्न काय तुझे!

भिंगरी

१५ फेब्रुवारी

भिंगरी,

"खूप असतात" हे उत्तर नव्हे. खूप कुणाकडेच नसतात. सांगतो.

आमची टाकी गोल. पूर्ण गोलाला परांची बांधायची तर ट्रक ट्रकभर बांबू हवेत, ते आहेत कुणाकडे? आमच्याकडे टाकीच्या तिसऱ्या हिश्श्याला पुरतील एवढेच. म्हणून आम्ही चालती परांची बांधतो. इथला रंग झाला की मागच्या टोकाचे बांबू सोडायचे, उचलायचे, पुढच्या टोकाला लावायचे. परांची टाकीभोवती सरकत जाते. लांबी तेवढीच राहते. खालून बघणाऱ्याला वाटतं, रोज नवीन माल येतोय. माल तोच असतो, फक्त मागचा पुढे येतो.

तू म्हणालीस शेपूट लांबलचक. ते वाढतच जातं का? का आमच्यासारखं तेवढंच राहतं? हे मला कळव.

ओरडायचं मात्र बंद करू नकोस. मीही ओरडतो, पण खुर्चीतून.

ताई आत्ता माझ्या खांद्यावरून वाचायला बघतेय, म्हणून इथेच थांबतो.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा,

तेवढंच राहतं. तुझं पत्र आल्यावर जुन्या फिल्मा काढून पट्टीने मोजलं. पळताना शेपटीची लांबी जवळपास कायम असते. हे पुस्तकातही लिहिलेलं आहे, मी परीक्षेतही लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. मागच्या टोकाला काठ्या सुटतात, तुकडे मोकळे होतात, पुन्हा पुढे लागतात. मला माहीत होतं आणि माझ्या लक्षातच नव्हतं! तू परीक्षा घेतोयस की काय माझी?

पण त्याने माझं काम काही सुटत नाही रे. उजेड आणखी कमी केला. रंग आणखी वाढवला. आता सहा मिनिटं. असंच चालू राहिलं तर दहा मार्चला पाहुणा येण्याआधीच थांबेल.

काल टेबल आवरायला घेतलं. खणात तुझा जुना मोजपट्टा सापडला, लहानपणी ढापलेला. तो हातात घेतला आणि आवरणं सोडून दिलं. मला हे टेबल सोडायचं नाहीये, मामा. कुणाला सांगायचं म्हणून तुला सांगितलं. आईला बोलू नकोस, ती मला "एखादी स्वच्छ नोकरी बघ" म्हणेल.

तुझं पत्र यायला यावेळी उशीर करू नकोस.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरी,

उशीर झाला. कमरेत उसण भरलीय. बादली उचलताना. हळद-तूप लावून पडलोय, अक्षर म्हणून असं आहे. काही विशेष नाही.

पण पडल्या पडल्या, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या, एक गोष्ट दिसली. तू पाहुण्याच्या नाकावर कॅमेरा रोखून बसलीयेस. थांबला की म्हणतेस, पुढे का जात नाही, भाजला का, दमला का. अगं, मागे बघ की! परांची पुढून कधीच अडत नाही. मागून अडते. मागचा बांबू सुटला नाही, तर पुढे लावणार काय, कपाळ?

तुला आठवतंय का, तू आठ वर्षांची होतीस? सुट्टीत माझ्याबरोबर कामावर यायचीस. बँकेच्या इमारतीला परांची होती. आम्ही बांबू सुरगाठीने बांधतो, वजनाने आवळते आणि शेपटी ओढली की सुटते. एक दिवस आम्ही चहाला गेलो आणि तू हात पोचेल तिथल्या प्रत्येक सुरगाठीवर एकेक निरगाठ मारून ठेवलीस. बेचाळीस! दुसऱ्या दिवशी मागचं काही केल्या सुटेना. सगळं काम ठप्प. पुढचे कारागीर रिकामे हात घेऊन बसलेले. शेवटी कोयत्याने एकेक दोर तोडला. मी तुझ्यावर असा ओरडलो, असा ओरडलो, आणि तू रडत रडत म्हणालीस, "पण मामा, सुटली असती आणि तू पडला असतास तर?"

आता मला सांग. तुझा तो रंग काठ्यांना चिकटतो म्हणालीस. चिकटल्यावर त्या काठ्या सुटतात का?

मला त्यातलं काही कळत नाही. पण बेचाळीस निरगाठी मारणारी पोर मला ठाऊक आहे. शेपूट दिसेनासं झालं की ती आणखी एक गाठ मारते.

मामा

१ मार्च

मामा!! मामा!!!

सुटत नाहीत! तो रंग काठी धरून ठेवतो. थोडा असला तर फारसं बिघडत नाही, जास्त झाला की काठी सुटतच नाही. बाटलीबरोबर आलेल्या कागदावर हे बारीक अक्षरांत छापलेलं आहे. मी तो कागद चार वर्षांपूर्वी वाचला होता आणि घडी घालून टेबलाच्या डगमगत्या पायाखाली ठेवला होता! आज टेबल उचलून काढला. उजेडाचा काही दोष नव्हता. मी प्रत्येक वेळी रंग वाढवला आणि प्रत्येक वेळी मागच्या टोकाला निरगाठी मारत गेले. पुढे लावायला तुकडेच उरले नाहीत. आठ वर्षांची होते तेव्हाही मीच, चौतीस वर्षांची झाले तरी मीच!

लगेच रंग दहावा हिस्सा केला. इतक्या कमी रंगात दिसणार काय? पहिल्या फोटोत काही म्हणजे काही दिसलं नाही. मग डोळे सरावले. अगदी पुसट, पुसट, आणि हलतंय. बारावं मिनिट गेलं. विसावं गेलं. चाळिसावं गेलं! मामा, तो थांबतच नव्हता. दीड तास संपताच मी दार उघडून शेजारच्या टेबलवाल्याला ओढून आणलं. यावेळी त्याने स्वतःच माझा दंड चिमटला.

अजून भिंत ओलांडलेली नाही. पळतात, पण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाऊन ओलांडतात, निर्लज्ज. नऊ दिवस आहेत.

आता दुसरी गोष्ट. नीट उत्तर दे. चालत्या परांचीचं पुढचं टोक आणि मागचं टोक खुर्चीतून एकदम दिसत नाही. टाकी गोल आहे, मधे येते. मी तुझ्याबरोबर कामावर येत असे, विसरलास? "एक गोष्ट दिसली" असं लिहिलंयस तू. दोन्ही टोकं दिसायला माणूस अधांतरी असावा लागतो. आणि उसण भरली तर शेक घेतात, हळद-तूप लावतात ते सोललेल्या कातडीला. कुठे होतास?

भिंगरी

५ मार्च

भिंगरी,

तुला शिकवून चूक केली.

बरं. ताईला सांगायचं नाही या अटीवर. वीस तारखेला सकाळी मी वर गेलो होतो. नुसता बघायला. वरच्या कठड्याला दोर आणि दोर कमरेला, ते मी कधी चुकवत नाही. पुढच्या टोकाला पाय ठेवला, फळी ओली होती, गेलो. दोन हात खाली आणि बांबूंपासून हातभर लांब. लागलं काही नाही, कमरेला तेवढा दोर काचला. पण लोंबकळतोय! माणसं चहाला गेलेली. ओरडलो असतो तर गल्ली गोळा झाली असती आणि संध्याकाळपर्यंत ताईच्या कानावर गेलं असतं. म्हणून गप्प राहिलो. तोंड मिटून, अब्रूने, वीस मिनिटं लटकलो.

करायला काहीच नव्हतं. झोका एका बाजूला गेला की पुढची रिकामी जागा दिसायची. दुसऱ्या बाजूला गेला की मागचे बांबू दिसायचे, अजून बांधलेले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पंधराव्या मिनिटाला तुझा पाहुणा डोक्यात शिरला. मी मोठ्यांदा म्हणालो, "अरे, मागे अडलंय!" तिथे एक कावळा होता, तो उडाला.

दोर सोडून हळूहळू खाली उतरता आलं असतं, पण गाठ सुटेना. कारण ती निरगाठ होती. बेचाळीस दोर तोडले त्या दिवसापासून बांबूला मी सुरगाठच मारतो, पण स्वतःच्या कमरेला तुझी गाठ मारतो. सव्वीस वर्षं. मुकादमही हसतो. हात आपोआप जातो, काय करू? सुरगाठ असती तर पडताना तिची शेपटी बांबूत अडकून झटक्यात सुटली असती आणि आज हे पत्र मुकादमाने लिहिलं असतं.

तो मात्र देवासारखा धावत आला. त्याला कळलं कसं, विचारलं तर कान खाजवतो.

आता मी खरोखर खुर्चीत आहे. तू चौकट मोठी कर आणि पाहुण्याला ओलांडू दे. उरलेले दिवस मोजत बसू नकोस.

मामा

११ मार्च

मामा,

ओलांडलं!

आठ तारखेला, दुपारी पावणेतीन वाजता, एक्केचाळिसाव्या मिनिटाला, चौकटीच्या बरोब्बर मधोमध! पुसट शेपूट, मागून सुटतंय, पुढे लागतंय, भिंत ताणली, बोट निघालं, लांब झालं, लांब झालं, आणि शेजारणीने गिळलं. गपकन! मी यावेळी ओरडले नाही. खुर्चीत बसून नाक ओढत राहिले.

काल दाखवली. सभागृहात दिवे मालवले, सगळे खुर्च्यांवर पुढे झुकलेले. फिल्म इतकी फिकी होती की पहिली दहा मिनिटं मागून कुजबुज चालली होती. मग ज्याला ज्याला दिसायला लागलं तो तो गप्प झाला. बोट निघालं तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "रेट!" मी वळून बघितलं. मोठ्या बाई होत्या.

नंतर त्यांनी विचारलं, रंग कमी करायचं सुचलं कसं? मी म्हटलं, माझे मामा लटकत होते. त्यांना वाटलं मी हर्षाने बरळतेय. मग सगळं सांगितलं, टाकी, बांबू, बेचाळीस गाठी. त्या म्हणाल्या, "टेबल तुझंच. आणि त्या गृहस्थांना खाली उतरायला सांग."

तेव्हा मोठ्या बाईंची आज्ञा आहे. ऐकतोस ना? फिल्म मुकादमाच्या फोनवर पाठवलीय. आईला दाखव, पण तिला बाकीचं काही कळू देऊ नकोस.

तुझी, टेबलासकट,
भिंगरी

१५ मार्च

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद. हे पत्र मी लिहितेय, तुझी आई.

तुम्हा दोघांचा सगळा पत्रव्यवहार माझ्या वाचनात आहे. तुझा मामा पत्रं माझ्या शिवणाच्या डब्यात सर्वांत खाली लपवतो, कारण तिथे मी बघणार नाही अशी त्याची समजूत आहे. मी रोज शिवते. शुद्धलेखन दोघांचंही बरं आहे.

फिल्म पाहिली. पाच वेळा. पहिल्यांदा काही दिसलं नाही, मुकादमाने बोट ठेवून दाखवलं. तो मेला पाहुणा त्या घरात शिरला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि मग माझी मलाच लाज वाटली. तुझं टेबल राहिलं, मला फार फार आनंद झाला. स्वच्छ नोकरीचं मी पुन्हा कधी काढणार नाही.

आता दुसरं. शाळेमागची टाकी आपल्या गच्चीतून दिसते, हे इतकी वर्षं या घरात राहून तुम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. वीस तारखेला मी कपडे वाळत घालत होते. तो फळीवरून घसरला ते मी पाहिलं. हातातली चादर खाली रस्त्यावर पडली. मुकादमाला फोन मी केला. तो चहाच्या दुकानात आवाजात बसला होता, उचलेचना, सतरा वेळा लावला. तोवर तुझा मामा अब्रूने लटकत होता आणि मी कठडा धरून उभी होते. एकच म्हणत होते, गाठ सुटू देऊ नको. संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, बादली उचलली. मी हळद-तूप लावलं. बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, म्हणून बोलले नाही. मुकादमाला मात्र सांगून ठेवलं होतं, माझं नाव काढलंस तर याद राख.

तुम्ही दोघं त्या निरगाठीचं फार कौतुक करता, म्हणून एक कळवते. तू पाच वर्षांची असताना बुटाच्या नाड्या सुटून सारखी तोंडावर आपटायचीस. निरगाठ तुला मी शिकवली. पायरीवर बसवून, दोन दिवस.

मामा मजेत आहे. त्याने हे पत्र वाचलेलं नाही, त्याचा हात पाकिटापर्यंत पोचत नाही. तो खाली टाकीजवळ खुर्चीत बसलाय आणि मी शेजारी स्टुलावर बसून लिहितेय. खुर्ची चांगली आहे, दोर जुनाच आहे, गाठ मी मारलीय. अर्धा तास झाला खटपट करतोय.

तुझी आई